बाहेरच्यांनी नक्की काय करायचं? (युक्रेनवरून पडलेला प्रश्न)

सुमेधा_क

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. आधी कुणी काढला असेल तर सांगा, मी गुपचूप तिकडे येते.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं, त्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे आठवतायत का? डीपी युक्रेनच्या झेंड्यासारखे निळे-पिवळे झाले ते सोडा. लोकांनी एअरबीएनबीवर कीव्हमधल्या घरांची बुकिंगं केली, जायचं कुणालाच नव्हतं, पण तेवढेच त्या घरमालकाच्या खात्यात पैसे पडतील म्हणून. रशियातल्या रेस्टॉरंटांच्या गुगल रिव्ह्यूमध्ये युद्धाच्या बातम्या लिहून टाकल्या, कारण तिकडे टीव्हीवर वेगळंच दाखवत होते. मला हे तेव्हा भारीच वाटलं होतं.

पण त्याच सुमारास वोडका गटारात ओतायचे व्हिडिओ आले, आणि त्यातला एक गाजलेला ब्रँड बनतो लाटव्हियात! कार्डिफच्या एका ऑर्केस्ट्राने कार्यक्रमातून चायकोव्हस्कीला काढलं, तो बिचारा १८९३ सालीच गेलाय. आणि कहर म्हणजे मांजरांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने रशियात जन्मलेल्या मांजरांची नोंदणी बंद केली. मांजरांची! पुतिनला मनस्ताप झाला असेल बहुतेक.

आणि मग हळूहळू सगळं थंड. आता कुणी विषय काढला की 'अजून चालू आहे का ते' असं म्हणणारेही भेटतात.

तर प्रश्न दोन. एक, आपण ना तिकडचे ना इकडचे, मग आपण काही करण्याला अर्थ आहे का, आणि असला तर काय करायचं? दुसरा जरा जवळचा. आमच्या टीममध्ये एक रशियन आहे, शांत माणूस, आई तिकडेच असते त्याची. मध्ये एका कॉलवर एकाने त्याला सरळ विचारलं की तुमचे लोक रस्त्यावर का उतरत नाहीत. तो काहीच बोलला नाही, कॅमेरा बंद केला. मला फार विचित्र वाटलं पण विचारणाऱ्याचं चुकलं असंही ठामपणे म्हणता येईना.

तिरकस

काही अर्थ नाही, झोपा.

१५ फेब्रुवारी २००३ ला इराकवर हल्ला करू नका म्हणून जगभर मोर्चे निघाले होते. लंडनमध्ये लाखो, रोममध्ये तर इतके की गिनेस बुकात नोंद झाली. २० मार्चला हल्ला सुरू झाला. अख्खं जग रस्त्यावर येऊन जे थांबलं नाही ते तुमच्या डीपीने थांबेल होय?

आणि यूएनचं म्हणाल तर २५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत ठराव आला, रशियाने स्वतःच व्हेटो मारला, म्हणजे आरोपीच न्यायाधीश. मग २ मार्चला आमसभेत १४१ विरुद्ध ५, तटस्थ ३५, त्यात भारत, चीन, दक्षिण आफ्रिका. टाळ्या वाजल्या, रणगाडे जिथे होते तिथेच. युरोप एका हाताने निर्बंध लावत होता आणि दुसऱ्या हाताने गॅसचं बिल भरत होता. युद्धाआधी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्केसुद्धा नव्हता, पुढच्या वर्षी एक तृतीयांशाच्या वर गेला. पैसे सगळेच मोजतात हो, भाषणं ज्याची त्याला परवडतील तशी.

विस्वाकाठी

@तिरकस, रणगाडे थांबवणं एवढं एकच माप लावलंत तर सगळंच फोल आहे, मान्य. पण मी तेव्हा पोलंडमध्ये क्राकूवला होते, आणि 'काही अर्थ नाही' हे मला पटणं शक्य नाही.

प्शेमिश्ल म्हणून सीमेजवळ एक गाव आहे, युक्रेनच्या रुंद रुळांवरच्या गाड्या थेट तिथपर्यंत येतात. त्या स्टेशनावर पोलिश बायकांनी आपल्या बाबागाड्या आणून ओळीने लावून ठेवल्या होत्या, कारण येणाऱ्या बायका कडेवर पोर आणि पाठीवर सॅक घेऊन उतरत होत्या. तो फोटो जगभर फिरला. पण त्यामागची गोष्ट अशी की कुणीतरी डोकं चालवलं होतं, की गाडीतून उतरणाऱ्या बाईला पहिल्या पाच मिनिटांत काय लागेल. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना तेव्हा देश सोडायला बंदी होती, म्हणजे येणारं जवळपास प्रत्येक कुटुंब बाई, मुलं, आजी आणि पुष्कळदा पिंजऱ्यातलं मांजर.

क्राकूव स्टेशनावर आम्ही जॅकेटवर चिकटपट्टी लावून त्यावर कुठल्या भाषा येतात ते लिहायचो. सगळ्यात जास्त काय विचारायचे माहितीये? चार्जर. मग सिमकार्ड (मोबाईल कंपन्या फुकट वाटत होत्या). मग सॅनिटरी पॅड, डायपर, आणि 'ही गाडी खरंच फुकट आहे का'. आणि ज्याचा डोंगर साचला होता ते म्हणजे जुने कपडे. लोकांनी जीव ओतून पाठवलेले, त्यात उन्हाळी फ्रॉक, एकाच पायाचे बूट, काय वाट्टेल ते, मार्चच्या थंडीत! ते निवडायला, घड्या घालायला, ठेवायला माणसं अडकून पडायची, आणि ती माणसं बाहेर फलाटावर हवी असायची. म्हणून पहिला नियम, वस्तू पाठवू नका, पैसे पाठवा. तिथे काय कमी पडतंय ते तिथल्या माणसालाच माहिती असतं आणि ते दर दोन दिवसांनी बदलतं.

सरकारी बाजूने युरोपियन युनियनने २००१ पासून धूळ खात पडलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा ४ मार्चला पहिल्यांदा वापरात आणला, त्यामुळे प्रत्येकाला आश्रयासाठी वेगळी केस लढावी लागली नाही, राहायचा आणि कामाचा हक्क थेट मिळाला. पोलंडने घरात ठेवून घेणाऱ्यांना माणशी दिवसाला ४० झ्लोटी (पोलंडचं चलन) दिले. हे सगळं लोकांच्या रेट्यामुळे झालं, मंत्र्यांना स्वप्न नव्हतं पडलं. तेव्हा आवाज करण्याला अर्थ असतो, फक्त आवाज कुणाच्या दारात करताय ते बघा. क्रेमलिनला ऐकू जाणार नाही, तुमच्या मतावर निवडून येणाऱ्याला जातं.

हेही सांगायला हवं की सगळं गोड नव्हतं. आफ्रिकन आणि भारतीय विद्यार्थ्यांना सीमेवर रांगेत मागे ढकललं, गाड्यांत चढू दिलं नाही, याच्या तक्रारी खऱ्या होत्या. माणुसकी होती पण तिलाही रंग दिसत होता.

जुनी_पानं

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, त्या रशियन सहकाऱ्याच्या.

'तुमचे लोक रस्त्यावर का उतरत नाहीत' विचारणाऱ्याला सांगा, उतरले होते. पहिल्या काही आठवड्यांत हजारोंनी अटका झाल्या. ४ मार्च २०२२ ला कायदा आला, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. त्यानंतर कोरा कागद हातात धरून उभं राहणाऱ्या बाईलाही उचलून नेलं, कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं तरी. सरकारी वाहिनीच्या बातम्यांमध्ये निवेदिकेच्या मागे पोस्टर घेऊन उभी राहिलेली मारिना ओव्स्यानिकोवा तर सगळ्यांनी पाहिली. अशा देशात ज्याची आई आहे तो ऑफिसच्या कॉलवर, तोही रेकॉर्ड होत असेल तर, काय बोलणार? त्याने कॅमेरा बंद केला हेच शहाणपण.

आता जरा मागे जातो. २०-२१ ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत युनियन आणि वॉर्सा करारातले (सोव्हिएत गटाचा लष्करी करार) काही देश चेकोस्लोव्हाकियात घुसले. प्रागच्या लोकांनी काय केलं, तर रस्त्यांच्या पाट्या काढून टाकल्या, घरांचे नंबर काढले, गावांच्या नावाच्या पाट्या उलटसुलट केल्या, परक्या सैनिकाला पत्ताच सापडू नये म्हणून. कोवळी पोरं रणगाड्यांवर चढून सैनिकांशी रशियनमध्ये वाद घालत होती, तुम्ही इथे का आलात म्हणून, शाळेत सक्तीने शिकलेली रशियन अशी कामी आली. (२०२२ मध्ये युक्रेनच्या रस्ते खात्याने पण पाट्या काढा असं लोकांना सांगितलं होतं, तेव्हा मला हेच आठवलं.)

आणि २५ ऑगस्टला मॉस्कोत, रेड स्क्वेअरवर, आठ माणसं बसली निषेधाला. सोव्हिएत युनियनच्या एवढ्या अवाढव्य लोकसंख्येत आठ. मिनिटांत उचलली, कुणाला छावणी, कुणाला हद्दपारी, कुणाला वेड्यांचं इस्पितळ. उपयोग काय झाला विचाराल तर सैन्य दोन दशकं हललं नाही. पण चेक लोक त्या आठांना विसरले नाहीत, पुढे त्यांचा तिथे जाहीर सन्मान झाला. एका अख्ख्या देशाचा द्वेष करणं त्यांना अवघड झालं ते अशा माणसांमुळे.

उलट उदाहरणही देतो. मार्च १९६९ मध्ये आइस हॉकीत चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत टीमला दोनदा हरवलं, लोक जल्लोषात रस्त्यावर आले आणि प्रागमधलं एरोफ्लोटचं ऑफिस फोडलं. मॉस्कोला आयतं निमित्त मिळालं, पुढच्याच महिन्यात सुधारणावादी नेते दुबचेक गेले आणि मॉस्कोच्या मर्जीतले हुसाक आले. रागाने दगड मारताना तो फिरून कुणाच्या कामी येणार आहे याचा जरा विचार हवा, आणि बाहेरच्यांनी तर नक्कीच, कारण आपल्या दगडाची किंमत दुसराच मोजतो.

सहकाऱ्याला एकटं गाठून विचारा, आई कशी आहे. बस. राजकारण त्याला काढायचं असेल तर तो काढेल.

तिरकस

छान लिहिलंत, पण मूळ मुद्दा टाळताय. नाटो रशियाच्या सीमेपर्यंत सरकत गेली त्याचं काय? इराकच्या वेळी कुठे होते हे सगळे नैतिकतेचे ठेकेदार? अमेरिकेवर कुणी निर्बंध लावले?

नेमकं_बोला

कुणीच लावले नाहीत, आणि ते चूकच होतं. पण एक चोर सुटला म्हणून दुसऱ्याला सोडा हा कुठला न्याय?

फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी बोलले होते ते शोधून ऐका. आफ्रिकेच्या सीमा साम्राज्यांनी लांबून आखल्या, जातभाई इकडे-तिकडे विखुरले, तरी त्या सीमा मान्य केल्या नसत्या तर आजही लढत बसलो असतो, असा त्यांचा मुद्दा. आणि त्याच भाषणात परिषदेतल्या बड्या देशांनाही कायदा मोडल्याबद्दल सुनावलं. दोन्ही एकाच दमात बोलता येतं, त्यासाठी कुणाच्या कंपूत जावं लागत नाही.

मला जास्त राग येतो तो दुसऱ्या जमातीचा, 'थोडी जमीन द्या आणि मिटवा' म्हणणाऱ्यांचा. दक्षिण युक्रेनमधलं खेरसन बघा. रशियन बोलणारे भरपूर लोक, मार्च २०२२ च्या सुरुवातीलाच शहर ताब्यात गेलं. फुलं मिळतील अशी सैन्याची समजूत. आणि लोक काय करतात तर निःशस्त्र, झेंडे घेऊन रोज चौकात, लष्करी गाड्यांसमोर उभे. अश्रुधूर, गोळीबार, मग घरोघरून उचलाउचली, तेव्हा कुठे गर्दी ओसरली. ११ नोव्हेंबरला युक्रेनचं सैन्य परत आलं तेव्हा हेच लोक रडत मिठ्या मारत होते. आता लांब बसून त्यांना 'द्या सोडून' सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तह करायचा तर तो त्यांनी करायचा, त्यांना पटेल तेव्हा. आपण त्यांचं आधी ऐकून तरी घ्यावं.

सुमेधा_क

सगळ्यांना धन्यवाद, तिरकसरावांना पण :) सहकाऱ्याशी बोलते एकटं गाठून.

एक उरलंच. पैसे द्यायचे तर कशाला? मदतकार्याला देणं सोपं आहे, पण युक्रेनियन लोक स्वतः तर हवाई संरक्षण, ड्रोन मागतायत. शस्त्रांना पैसे द्यायला माझा हात धजत नाही, आणि 'त्यांचं ऐका' म्हणायचं आणि नेमकं हेच ऐकायचं नाही हेही बरोबर नाही ना.

विस्वाकाठी

सगळ्यांनाच ही अडचण येते. युक्रेन सरकारचा युनायटेड२४ नावाचा निधी आहे, मे २०२२ पासूनचा, त्यात संरक्षण, सुरुंग काढणं, वैद्यकीय, पुनर्बांधणी असे वेगळे कप्पे आहेत, आपण निवडायचं. मी सुरुंग आणि वैद्यकीय निवडते, माझा नवरा सरळ संरक्षणाला देतो आणि यावरून आमची भांडणं होतात. तो म्हणतो क्षेपणास्त्र हवेतच पाडलं तर तुझी ॲम्ब्युलन्स लागणारच नाही. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. परदेशी पैसे पाठवायचे तुमच्याकडचे नियम मात्र आधी तपासा, शस्त्रांच्या बाबतीत तर नक्कीच.

आणि रक्कम लहान असली तरी दर महिन्याची लावा. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले, भर हिवाळ्यात जनरेटर हवे होते, आणि तोवर लोकांचा मार्चमधला उत्साह केव्हाच ओसरला होता.

तिरकस

नवऱ्याशी सहमत. लिंक टाका.