खिडकी जळते, भिंत केशरी येते: त्यावर उपाय
पणजीतल्या जुन्या घरांमधल्या रेस्टॉरंटांचे आतून फोटो काढताना खिडकी पांढरीफटक जळणार आणि भिंत केशरी येणारच. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळट), टांगलेले बल्ब २७००. एकाच व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग सावरणाऱ्या सेटिंगने, दोन्ही सावरत नाहीत. आधी बल्ब बंद ठेवून ट्रायपॉडवर एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता) लावा आणि दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच फ्रेम घ्या; त्या नंतर संगणकावर जोडायच्या. मग कॅमेरा न हलवता बल्ब लावून आणखी एक फ्रेम. तिच्यातली फक्त दिव्यांची आभा मास्क करून (बाकीचा भाग झाकून) जोडलेल्या फोटोवर चढवा. कॅमेऱ्यातलं आयतं एचडीआर (कॅमेरा स्वतःच फ्रेम जोडतो ती सोय) नको, लाल-निळ्या भिंती चिखलासारख्या दिसतात. कॅमेरा वर कलला की खांब आत झुकतात, तेव्हा कॅमेरा सरळ आहे का ते लेव्हलवर बघा. आणि एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास बंदच ठेवा. थंड लेन्सवरचं धुकं पुसलं तरी पुन्हा येतं.