वारंवार होणारा कॅन्डिडा: औषधांची यादीही विचारा

योनीत खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव म्हणजे कॅन्डिडा (यीस्ट प्रकारच्या बुरशीचा संसर्ग), फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्या, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. गोळी योग्यच, पण नुसत्या लक्षणांवर निदान करणं मला अजिबात पटत नाही. स्रावाच्या थेंबावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की पेशी विरघळतात आणि यीस्टचे कोंब, लांबट धागे मायक्रोस्कोपखाली स्पष्ट दिसतात. कॅन्डिडाच्या ग्लॅब्राटा प्रजातीत मात्र हे धागे नसतात, शिवाय ती फ्लुकोनाझोलला बऱ्याचदा दाद देत नाही. त्यामुळे त्रास वारंवार होत असेल तर कल्चर (स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं) हवंच.

वारंवार होणाऱ्या त्रासामागे मधुमेह असू शकतो हे सांगितलं जातं, पण त्यावरच्या औषधांचा उल्लेख राहून जातो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्या साखरेवर यीस्ट पोसतं. रक्तातली साखर छान आटोक्यात, तरी खाज जात नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या बायका मी पाहिल्यात. पुरुषांनाही शिश्नाच्या टोकाला लाली आणि खाज येते, पण ते लाजेपायी सांगत नाहीत, आपणच विचारावं लागतं. मधुमेहाची ही गोळी परस्पर बंद मात्र करू नका, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोला. आणि गरोदर असाल तर तोंडाने फ्लुकोनाझोल टाळा, तिथे योनीत वापरायचं क्लोट्रिमाझोल ७ दिवस देतात.