मराठी बातम्यांचं वर्गीकरण: सेजमेकर घ्यावं की व्हीएस कोडवरच भागेल?

वर्तमानवाचक

मराठी बातम्या 8 विभागांत (राजकारण, शेती, क्रीडा वगैरे) लावायच्या आहेत. लेबल लावलेल्या 40,000 नोंदी तयार आहेत. प्रत्येकीत शीर्षक आणि पहिला परिच्छेद. गूगलचं म्यूरिल बेस हे भारतीय भाषांचं तयार मॉडेल घेऊन फाइन-ट्यूनिंग (आपल्या कामासाठी पुढे शिकवणं) करायचा बेत आहे. लॅपटॉपला 16 जीबी रॅम आणि 4 जीबीचं जीटीएक्स 1650 कार्ड आहे. ट्रेनिंग सुरू केलं की लगेच 'कुडा आउट ऑफ मेमरी' (कार्डाची मेमरी संपली) येतं. सगळं काम व्हीएस कोडमध्ये करायची सवय आहे, पण सहकाऱ्यांचा आग्रह आहे की सगळं अ‍ॅमेझॉन सेजमेकरवर हलवावं. पुढे हे मॉडेल एका छोट्या संकेतस्थळामागे चालवायचं आहे. दोन्हींपैकी काय घ्यावं?

सदाशिवपेठी

व्हीएस कोडमध्ये तुम्ही कोड लिहिता, सेजमेकरवर यंत्र भाड्यानं घेता. एक घेतलं म्हणून दुसरं सुटत नाही. आधी हिशोब करा, तुम्हाला भाड्याचं यंत्र लागतं का.

म्यूरिल बेसमध्ये साधारण 24 कोटी पॅरामीटर (शिकलेले आकडे, म्हणजे वजनं) आहेत. 32 बिटमध्ये प्रत्येकाला वजनाचे 4 बाइट, ग्रेडियंटचे (वजन किती बदलायचं त्या आकड्याचे) 4 आणि अ‍ॅडमच्या (वजनं सुधारणाऱ्या पद्धतीच्या) दोन सरासऱ्यांचे 8, म्हणजे 16 बाइट. एकूण 3.8 जीबी. बॅचमधलं (एकदम शिकवायच्या नोंदींमधलं) एक वाक्यही आत जायच्या आधी कार्ड भरलं. बॅच कमी करून उपयोग होत नाही तो यामुळे.

आता गंमत बघा. म्यूरिलचा शब्दसंग्रह 1,97,285 टोकनांचा (शब्दांच्या तुकड्यांचा) आहे आणि प्रत्येक टोकनाला 768 आकडे. गुणाकार केला तर 15 कोटी पॅरामीटर नुसत्या वर्ड एम्बेडिंगच्या तक्त्यात बसलेत. तो तक्ता गोठवा (म्हणजे ट्रेनिंगमध्ये बदलू देऊ नका: त्या वजनांचं रिक्वायर्स-ग्रॅड फॉल्स करा, ऑप्टिमायझर बनवायच्या आधी). मग त्या 15 कोटींना फक्त 4-4 बाइट लागतात आणि एकूण गरज 2 जीबीच्या आसपास येते. लांबी 128 टोकन, बॅच 8, ग्रेडियंट अक्युम्युलेशन (तेवढ्या बॅचचे ग्रेडियंट साठवून मगच वजनं बदलणं) 4 ठेवा. परिणामी बॅच 32 ची होते आणि 4 जीबीत बसायला हरकत नाही. बाहेरचा मॉनिटर किंवा ब्राउझर त्याच कार्डावर चालत असेल तर तेवढा बंद ठेवा, काहीशे एमबी तिथे जातात.

निळासमुद्र

वरचा हिशोब बरोबर आहे. तरीही सेजमेकरकडे जायचं झालं तर अडायच्या जागा आधी माहीत असू द्या.

पहिली अडचण कोट्याची. नव्या खात्यात जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) असलेल्या यंत्रांचा कोटा बहुतेक वेळा शून्य असतो. मुंबई रीजन निवडून सर्व्हिस कोटाज पानावर जा आणि जी4डीएन एक्सलार्जसाठी (4 व्हीसीपीयू, 16 जीबी रॅम, एक टी4 जीपीयू) अर्ज करा. नोटबुक (स्वतः बसून कोड चालवायचं यंत्र), ट्रेनिंग जॉब (ट्रेनिंगपुरतं यंत्र) आणि एंडपॉइंट (तयार मॉडेल उत्तरं द्यायला चालू ठेवणारं यंत्र) यांचे कोटे वेगवेगळे आहेत. तुम्हाला ट्रेनिंग जॉबचा हवा. मंजुरीला वेळ लागू शकतो, तेव्हा काम सुरू करायच्या दिवशी अर्ज करू नका.

दुसरी अडचण डिस्कची, ट्रेनिंग नोटबुकवरच चालवलं तर. नोटबुक इन्स्टन्सला डिस्क मुळात 5 जीबीची मिळते. चेकपॉइंटमध्ये (ट्रेनिंगच्या मधल्या टप्प्यावर जतन केलेल्या प्रतीत) वजनं आणि अ‍ॅडमची स्थिती मिळून 12 बाइट प्रति पॅरामीटर, म्हणजे पूर्ण मॉडेलचा एक चेकपॉइंट 2.9 जीबीचा. दुसरा लिहिताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येऊन ट्रेनिंग मरतं. सेव्ह टोटल लिमिट (किती चेकपॉइंट ठेवायचे ती सेटिंग) 1 ठेवूनही सुटका नाही, कारण नवा पूर्ण लिहिल्यावर जुना पुसला जातो. डिस्क 30 जीबी करून घ्या. शिवाय इन्स्टन्स थांबवल्यावर फक्त 'सेजमेकर' नावाच्या फोल्डरमधलं टिकतं. बाहेर बसवलेली पॅकेजेस पुन्हा बसवावी लागतात.

तिसरी आणि सगळ्यात खर्चिक: एंडपॉइंट. ट्रेनिंग जॉब संपला की यंत्र आपोआप बंद होतं, पैसे सेकंदांवर. एंडपॉइंट मात्र कुणी विचारो न विचारो, पुसेपर्यंत चालू. तुमचं ट्रेनिंग टी4 वर 16 बिटमध्ये तासाभरात आटपेल. एंडपॉइंटचे महिन्याला 720 तास होतात. छोट्या संकेतस्थळाला जीपीयू एंडपॉइंट देऊच नका. एवढं मॉडेल साध्या सीपीयूवर चालतं. वाचक तुरळक असतील तर सर्व्हरलेस इन्फरन्स (मागणी येईल तेवढंच यंत्र चालतं ती सोय) बघा: त्यात जीपीयू मिळत नाही, मेमरी जास्तीत जास्त 6 जीबी, आणि बराच वेळ कुणी आलं नाही तर पहिलं उत्तर उशिरा येतं.

वर्तमानवाचक

सदाशिवपेठी, निळासमुद्र, दोघांचेही आभार. दोन शंका. तक्ता गोठवल्यानं अचूकता घसरेल का? आणि क्लाउडवर गेलं तर व्हीएस कोड सोडावं लागेल का?

कोकणी_कोडर

दुसरीचं आधी. सोडावं लागत नाही. सेजमेकर स्टुडिओमध्ये 'कोड एडिटर' आहे, तो व्हीएस कोडच्याच मुक्तस्रोत गाभ्यावर बांधलेला आहे. फरक एक्स्टेन्शनचा: ती ओपन व्हीएसएक्स या खुल्या भांडारातून येतात, म्हणून पायलान्ससारखी मायक्रोसॉफ्टची स्वतःची तिथे मिळत नाहीत. दुसरा रस्ता साधं ईसी2 यंत्र (क्लाउडवरचं भाड्याचं) आणि रिमोट-एसएसएच (व्हीएस कोडमधून त्यावर दुरून काम करणं). तिथे तीन गोष्टी हमखास नडतात. यंत्र थांबवून सुरू केलं की सार्वजनिक आयपी बदलतो आणि एसएसएच कॉन्फिगमधली जुनी नोंद लागत नाही. 1 जीबी रॅमच्या यंत्रावर व्हीएस कोडचा सर्व्हरच दम खातो. आणि ट्रेनिंग नेहमी टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा, नाहीतर लॅपटॉप झोपला की जोडणीबरोबर ट्रेनिंगही तुटू शकतं.

पण मला जास्त काळजी तुमच्या टोकनायझरची (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागाची) आहे, आणि ती तपासणी लॅपटॉपवरच करा. लोअरकेस चालू असलेला बर्टचा (म्यूरिल ज्या घडणीचं आहे ते मॉडेल) टोकनायझर चुकून लावला तर तो 'अ‍ॅक्सेंट' समजून मराठीची चिन्हं कापतो. युनिकोडमध्ये उकार, एक आणि दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त एका गटात मोडतात, ते जातात. काना आणि वेलांट्या दुसऱ्या गटात, त्या राहतात. म्हणजे 'पुणे' चं 'पण' होतं आणि 'कुत्रे' चं 'कतर'. कुठलीही एरर येत नाही. ट्रेनिंग छान चालतं, लॉस (चुकीचं माप) उतरतो, फक्त आकडे उगाच कमी येतात आणि दोष मॉडेलला दिला जातो. लोअरकेस आणि स्ट्रिप-अ‍ॅक्सेंट्स दोन्ही फॉल्स ठेवा, 20 शीर्षकं टोकन करून परत जोडा आणि डोळ्यांनी वाचा.

'दुसऱ्या' मधला अर्धा र पण बघा. काही बातम्यांत तो नुक्त्याच्या ऱ ने लिहिलेला असतो, काहींत साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असा. पडद्यावर सारखा दिसतो, टोकन वेगळे पडतात. एनएफसी (युनिकोडचं प्रमाण रूप) केल्यानं हा फरक जात नाही. स्वतः एक नियम लिहून सगळीकडे एकच रूप करा, आणि संकेतस्थळावर येणाऱ्या मजकुरालाही तोच नियम लावा.

सदाशिवपेठी

गोठवण्याबद्दल: वर्गीकरणात सहसा फार घसरत नाही, कारण वरचे 12 थर शिकतच असतात. पण अंदाजावर राहू नका. कॅगल या संकेतस्थळावर आठवड्याला साधारण 30 तास जीपीयू फुकट मिळतं. 5,000 नोंदी घेऊन एकदा गोठवून आणि एकदा न गोठवता चालवा, सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) तोच ठेवा, आणि मॅक्रो एफ1 (सगळ्या विभागांच्या गुणांची समान वजनाची सरासरी) बघा. नुसती अचूकता बघू नका. राजकारणाच्या बातम्या जास्त असतील तर शेतीचा विभाग कोसळलेला त्यात दिसत नाही. दोन्ही आकडे जवळ आले तर लॅपटॉप पुरे. फरक मोठा असेल तर पूर्ण 40,000 कॅगलवरच चालवा. तिथे टी4 घेतलं तर त्याला बीएफ16 हार्डवेअरमध्ये नाही, एफपी16 निवडा (दोन्ही 16 बिटचे प्रकार).

सेजमेकर मी तेव्हा घेईन, जेव्हा दर आठवड्याला नव्या बातम्यांवर मॉडेल पुन्हा शिकवायचं असेल आणि ते काम माणसाशिवाय व्हायला हवं असेल.

निळासमुद्र

तसं झालं तर स्पॉट ट्रेनिंग (रिकाम्या यंत्रांवर स्वस्तात, पण यंत्र मध्येच काढून घेतलं जाऊ शकतं) चालू करा, पैसे बरेच वाचतात. मॅक्स-वेट (यंत्राची वाट बघण्यासकट एकूण वेळ) हे मॅक्स-रनपेक्षा (ट्रेनिंगचा वेळ) कमी ठेवता येत नाही. चेकपॉइंट '/ऑप्ट/एमएल/चेकपॉइंट्स' मध्ये लिहा, तिथलं तुम्ही सांगितलेल्या एस3 च्या (क्लाउडवरची साठवण) जागेत जात राहतं. मात्र यंत्र काढून घेतल्यावर पुन्हा तिथून सुरू करायचा कोड तुम्हालाच लिहावा लागतो. शेवटचं मॉडेल '/ऑप्ट/एमएल/मॉडेल' मध्येच ठेवा. यंत्राच्या इतर साध्या फोल्डरात ठेवलेलं जॉब संपताच यंत्राबरोबर जातं. आणि बजेटचा इशारा लावला तरी त्यावर विसंबू नका: बिलाचे आकडे काही तास मागे असतात, म्हणून प्रयोग संपला की एंडपॉइंटची यादी स्वतः उघडून बघा.