कास पठारावरचा दवबिंदू खोकल्यावर चालतो का?

पाऊसवेडी:
परवा कासला गेले होते. पाणी झिरपणाऱ्या कातळावर लालसर, केसाळ रोपं दिसली, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सोबतचे एक काका म्हणाले, "हा दवबिंदू, किडे खातो. वाळवून काढा दिला की जुनाट खोकला जातो." माझ्या आजीचा खोकला महिनाभर हटलेला नाही. चार-पाच रोपं आणून काढा करू का? प्रमाण किती घ्यायचं?

सडेफिरू:
ताई, आणू नका. एक तर कासवर काहीही उपटायला मनाई आहे. पण मनाई नसती तरी मी हेच सांगितलं असतं.

पंधरा वर्षं सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, हिंडतोय. पहिल्यांदा भिंगातून दवबिंदू पाहिला, तेव्हा त्यावर एक चिलट अडकलं होतं आणि आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्याकडे वळत होते. अर्धा तास ओल्या कातळावर पालथा पडून बघत राहिलो. जांभ्यावरच्या वीतभर मातीत नत्र जवळजवळ नसतंच, ते हे रोप किड्यांमधून मिळवतं. पाऊस सरला, सडा वाळला की रोपही वाळतं. मागे उरतं ते बी, पुढच्या वर्षीसाठी. बी धरायच्या आत उपटलं, तर त्या जागी पुढच्या पावसात काय उगवणार?

काका खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र खरं. युरोपात याच्याच एका भावंडाचा, गोल पानांच्या दवबिंदूचा, कोरड्या आणि डांग्या खोकल्यावर जुना वापर आहे. होमिओपॅथीतलं 'ड्रोसेरा' तेच. तिकडच्या दलदली आटवल्या गेल्या, अनेक देशांत त्या रोपाला कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं, आणि औषधवाले मादागास्करच्या जातीकडे वळले. आपल्या सड्यांवर ती वेळ यायला नको, असं मला मनापासून वाटतं.

वैद्यकाकू:
मी आयुर्वेदाची वैद्य आहे. दवबिंदूत प्लंबाजिन असतं, म्हणजे आपल्या चित्रकाच्या मुळातलं तेच द्रव्य. चित्रक कच्चा त्वचेवर लावला तर फोड येतात, म्हणून आम्ही तो चुन्याच्या निवळीत भिजवून शुद्ध केल्याशिवाय पोटात देत नाही. हिमालयाकडच्या दवबिंदूची पानं मिठासोबत वाटून मुद्दाम फोड आणायला लावत असत. असली वनस्पती घरी अंदाजाने उकळून म्हाताऱ्या माणसाला द्यायची नाही.

आणि महिनाभराचा खोकला म्हणताय? दोन आठवड्यांच्या वर गेला की क्षय नाही ना, हे बघायला थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात फुकट होते. आधी ते करा, काढ्याचं नंतर बोलू.

पाऊसवेडी:
उद्याच नेते आजीला. रोपं आणलेली नाहीत, फक्त फोटो आहेत. एका फोटोत पानांचं गोल चक्र जमिनीला चिकटलेलं आहे आणि मधून पांढऱ्या फुलांचा दांडा वर आलाय. दुसरं रोप उभं आहे, पानं दोऱ्यासारखी. दोन्ही दवबिंदूच का?

सडेफिरू:
दोन्ही दवबिंदूच, जाती वेगळ्या. चक्रवाला बर्मानी, उभा इंडिका. बर्मानीचे कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात. पुढच्या खेपेला भिंग न्या, आणि आजीचं काय झालं ते इथे नक्की कळवा.