रे ट्रेसिंगमध्ये मधेच कोरा पट्टा येतोय. प्रोग्राम चुकलाय का?

खोलपाणी:
पाण्यातल्या ध्वनिकिरणांचा माग काढणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय. ४० मीटरपर्यंत पाणी सरसकट २८ अंश, तिथून १०० मीटरपर्यंत उतरत २० अंश. स्रोत १० मीटरवर. काही किरण पृष्ठभागावर आपटत पुढे जातात, काही खाली वळतात, मधे अख्खा पट्टा कोरा. दोन दिवस कोड तपासतोय, चूक सापडत नाही.

जुना सोनारवाला:
चूक नाहीच. तो शॅडो झोन, म्हणजे जिथे ध्वनीचे किरण पोचत नाहीत ती सावली. पाणबुडी वरच्या एकसारख्या तापमानाच्या थराखाली जाऊन बसते ती त्याच्यासाठीच.

कागदावर करून बघा. तापमान सारखं असलं की नुसत्या दाबाने वेग दर मीटरला ०.०१६ मीटर प्रति सेकंदाने वाढतो. ध्वनी कमी वेगाकडे वाकतो, म्हणजे वर. १० ते ४० मीटरमध्ये फरक जेमतेम अर्धा मीटर, तोही १५४० च्या वेगात! पण तेवढ्यानेच आडव्यापासून साधारण दीड अंशाच्या आतले किरण थरात अडकतात. त्याहून तिरके निघालेले थर ओलांडतात, आणि तिथे ८ अंशांच्या घटीने वेग २० मीटरने पडतो, म्हणून ते खालीच झुकतात. तुमचा पट्टा त्या फाट्यामधला.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. बोटीवर मी एक्सबीटी टाकायचो, म्हणजे खोलीनुसार पाण्याचं तापमान मोजणारं टाकाऊ उपकरण: केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेला जोडलेला थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर). (खोली तो मोजत नाही, पडायला लागलेल्या वेळावरून काढतात.) एकदा सकाळी सहाला टाकला आणि दिवसभर तेच आकडे वापरले. दुपारी वारा पडला, ऊन तापलं, वरच्या १० मीटरांत अर्ध्या अंशाचा फरक झाला. खोलीबरोबर वाढणारा वेग उलटा मीटरभर घटायला लागला. किरण बुडी मारत होते, प्रेडिक्शन मात्र सकाळचंच. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाला हेच भोवलं होतं: दुपारी सोनारला नीट ऐकूच येईना. आधी संशय जेवून सुस्तावलेल्या ऑपरेटरांवर गेला म्हणे. १९३७ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ कोलंबस आयसलिन यांनी पाण्याचं तापमान मोजल्यावर ऑपरेटर सुटले.

तुमचं प्रोफाइल, म्हणजे खोलीनुसार तापमानाचे आकडे, किती वाजताचं?

गणिती:
खऱ्या समुद्रात पट्टा इतका कोरा नसतो, विखुरलेला आणि थरातून झिरपलेला ध्वनी तिथे पोचतो. शिवाय ४० मीटरचा थर साधारण ७०० हर्ट्झखालचा आवाज धरूनच ठेवत नाही, आणि किरणांना फ्रिक्वेन्सी कळत नाही. तेवढ्या खालच्या आवाजांसाठी पॅराबोलिक इक्वेशन वापरा, ते ध्वनीला किरण नव्हे तर लाट धरतं.

खोलपाणी:
फाइल उघडली. तारीख आहे, वेळ नाही.

जुना सोनारवाला:
वाटलंच. मग दोनदा चालवा: एकदा आहे तसं, एकदा वरच्या १० मीटरांत अर्धा अंश चढवून. दोन्ही चित्रं इथे टाका.