झेड-८० चा एकच कोअर दोन एम्युलेटरांत कसा वापरावा?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. नोकरी सांभाळून मी गेली दोन वर्षे ४८के झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा एम्युलेटर (म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) सी भाषेत लिहीत आहे, तर साताऱ्यातील माझा मित्र एमएसएक्स या तशाच संगणकाचा लिहीत आहे. दोन्ही यंत्रांत झेड-८० हाच प्रोसेसर असल्यामुळे त्याने माझी प्रोसेसरची फाइल घेतली आणि जागोजागी इफडेफ (यंत्रानुसार वेगळा कोड निवडणाऱ्या अटी) घालून आपल्या सोयीचे बदल केले. आता घर एक आणि चुली दोन अशी अवस्था झाली आहे: 'डीएए' या दशमान बेरीज दुरुस्त करणाऱ्या इन्स्ट्रक्शनमधील हाफ-कॅरीची (खालच्या चार बिटांतून येणाऱ्या हातच्याची) चूक मी गुढीपाडव्याच्या सुमारास दुरुस्त केली, ती त्याच्या प्रतीत दिवाळीपर्यंत तशीच होती. माझा कोअर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा भाग, एक इन्स्ट्रक्शन पूर्ण करतो आणि तिला लागलेले एकूण टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) शेवटी परत देतो. हीच फाइल दोघांनी वापरायची, तर कोअर कुठे संपावा आणि यंत्र कुठे सुरू व्हावे? शिवाय मी जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लावला आहे आणि त्याला कमी अटींचा बीएसडी हवा आहे, त्यावरूनही कुरबुर चालू आहे.

कऱ्हाडकर

परवान्यावरून भांडणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला. खरी अडचण 'शेवटी परत देतो' या शब्दांत आहे.

'आयएनसी (एचएल)' ही मेमरीतला आकडा एकने वाढवणारी इन्स्ट्रक्शन घ्या. तिचे ११ टी-स्टेट म्हणजे ४ इन्स्ट्रक्शन आणण्यात, ३ वाचण्यात, १ आतल्या कामात आणि ३ लिहिण्यात. स्पेक्ट्रममध्ये १६३८४ ते ३२७६७ या पत्त्यांवरची मेमरी यूएलए चिपही चित्र काढण्यासाठी वाचत असते, त्यामुळे तिथे प्रोसेसरला ६ टी-स्टेटपर्यंत थांबावे लागते. आणि नेमके किती थांबायचे, हे ६९८८८ टी-स्टेटच्या फ्रेममधील (पडद्यावरच्या एका चित्राच्या वेळेतील) त्या क्षणावर ठरते. ११ चा आकडा शेवटी हाती आला, तर तो क्षण केव्हाच निघून गेलेला असतो. एमएसएक्समध्ये मात्र प्रत्येक एम-१ ला, म्हणजे इन्स्ट्रक्शन आणण्याच्या टप्प्याला, एक जादा टी-स्टेट लागतो, म्हणून तीच इन्स्ट्रक्शन तिथे १२ घेते.

म्हणजे तुम्हा दोघांत फरक आहे तो केवळ कुठे आणि किती थांबायचे याचा. प्रत्येक वेळी कोअरने यंत्राच्या फंक्शनला कामाचा प्रकार, पत्ता आणि आतापर्यंतचा वेळ सांगावा, आणि यंत्राने थांबण्याचे टी-स्टेट परत द्यावेत. आतल्या कामाचा तो १ टी-स्टेटही पत्त्यासह कळवावा, कारण ४८के स्पेक्ट्रममध्ये तिथेही थांबावे लागते. एमएसएक्स त्याला शून्य उत्तर देईल. सर्व रजिस्टर एका स्ट्रक्टमध्ये ठेवा, ग्लोबल व्हेरिएबल एकही नको, आणि कोअरच्या फाइलमध्ये कोणत्याही यंत्राचे नाव दिसता कामा नये. कीबोर्ड आणि चित्र सामाईक करण्याच्या फंदात पडू नका. मी पडलो होतो, त्यात सहा महिने गेले.

माहुलीकर, सातारा

वरील उत्तराशी सहमत आहे, पण कोअरबरोबर चाचण्याही सामाईक हव्यात. झेड-८० च्या तयार चाचण्यांपैकी झेक्सडॉक अधिकृत फ्लॅग (निकालाची स्थिती सांगणारे बिट) तपासते, तर झेक्सऑल ३ आणि ५ क्रमांकांचे अलिखित बिटही तपासते. दोन्ही चालवण्यासाठी पत्ता ५ वर सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची दोनच कामे पुरवावी लागतात: २ क्रमांकाने अक्षर आणि ९ क्रमांकाने '$' पर्यंतचा मजकूर छापणे. मात्र या चाचण्या वेळ मोजत नाहीत आणि इंटरप्टला (बाहेरून प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणाऱ्या संकेताला) हातही लावत नाहीत, त्यामुळे इंटरप्ट सुरू करणाऱ्या 'ईआय'नंतर एक इन्स्ट्रक्शन उलटल्यावरच इंटरप्ट स्वीकारला जातो की नाही, हे तुम्हालाच तपासावे लागेल.

परवान्याबाबत सांगायचे तर, बीएसडीचा कोअर जीपीएलच्या एम्युलेटरमध्ये चालतो. उलट केले, तर मित्राला संपूर्ण एम्युलेटर जीपीएलखाली वितरित करावा लागेल. म्हणून तुमचा एम्युलेटर जीपीएलच राहू द्या आणि फक्त कोअरला बीएसडी लावा. त्यात मित्राने लिहिलेल्या ओळींसाठी त्याची लेखी संमती आजच घ्या. १९९७ मध्ये सुरू झालेल्या मेम या आर्केड खेळांच्या एम्युलेटरने २०१६ मध्ये व्यावसायिक वापरास मनाई करणारा जुना परवाना सोडला, तेव्हा त्यांना जुन्या लेखकांची संमती मिळवत बसावे लागले होते. तुम्ही अजून दोघेच आहात.

कृष्णाकाठ, सांगली

दोघांचेही आभार. शनिवार-रविवारी सर्व इफडेफ काढून टाकले आणि परवानाही सांगितल्याप्रमाणे बदलला. मित्राकडे 'सेट ०,(आयएक्स+डी)' ला २५ ऐवजी २६ टी-स्टेट येऊ लागले, तेव्हा शोधल्यावर कळले की या इन्स्ट्रक्शनच्या 'डीडी सीबी' या पहिल्या दोन बाइटनंतरचा शेवटचा बाइट मी एम-१ म्हणून कळवत होतो. प्रत्यक्षात तो साध्या वाचनाने येतो. स्पेक्ट्रमवर ही चूक कधीच दिसली नसती. या वेळी ती एकाच फाइलमध्ये दुरुस्त करावी लागली.