गावच्या वाचनालयात अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून विचारलंय, घेऊ का?

शिवणयंत्र
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते, बी.ए. झालंय, घरीच ब्लाउज, फॉल-पिको वगैरे करते, मुलगा पाचवीत आहे. आमच्या गावात ड वर्गाचं (अ, ब, क, ड मधला सगळ्यात खालचा) सार्वजनिक वाचनालय आहे. तिथले ग्रंथपाल काका वर्षापूर्वी वारले, तेव्हापासून कोणीतरी येतं, कुलूप काढतं, पेपर टाकतं आणि जातं. आता अध्यक्ष आमच्या मामंजींना म्हणाले की सूनबाईंना बसवा की, संध्याकाळी ५ ते ८ फक्त, महिना २ हजार, आणि काम काय तर "पुस्तकं द्यायची-घ्यायची, बाकी काय असतंय त्यात".
काल सहज बघून आले. तीन कपाटं, एकाच्या पाठीमागं भिंतीला ओल आलीय, टेबलावर धूळ, आणि चार आजोबा एकच पेपर चार तुकडे करून वाचत बसलेले. मला बघून एक म्हणाले, "तू आलीस तर लाईट तरी वेळेवर लागंल." हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं.
वाचायची आवड आहे म्हणून मन ओढ घेतंय, पण पगार बघून घरचे म्हणतात शिवण बरं. कायम होतं का पुढे? कोर्स करावा लागतो का? आणि सही करायच्या आधी काय बघायचं, कुणी केलं असेल हे काम तर सांगा प्लीज.

गणितमास्तर
नका घेऊ, राग मानू नका पण स्पष्ट सांगतो. २०२२ मध्ये वाचनालयांच्या सरकारी अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३० हजाराचे ४८ हजार झाले. त्यातले निम्मे वेतनावर, निम्मे वेतनेतर म्हणजे पुस्तकं, पेपर, लाईटबिल. ४८ चे निम्मे २४, भागिले १२, आले तुमचे २ हजार. म्हणजे अध्यक्षांनी खिशातून एक रुपया घातलेला नाही, जे सरकार देतंय तेच तुम्हाला सांगितलंय. आणि ते दर महिन्याला हातात पडतील या भ्रमात राहू नका, अनुदान दोन हप्त्यांत येतं, तोवर तुम्ही उधारीवर ग्रंथपाल.
महिन्याला २६ दिवस, रोज ३ तास, ७८ तास झाले. तासाला २५ रुपये आणि वर सुटे. एका साडीच्या फॉल-पिकोला तुम्ही किती घेता ते आठवा.
कायम वगैरे काही होत नाही. तुम्ही संस्थेच्या कर्मचारी, सरकारच्या नाही. वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षं चालूय, माझे काका मागत मागत रिटायर झाले.

दाखलअंक
ताई, मास्तरांचा हिशोब बरोबर आहे. मी तालुक्याच्या ब वर्गात ३१ वर्षं काढली, त्यामुळे पगाराबद्दल मी काही बोलत नाही, तोंड कडू होतं. तुम्ही नोकरी घ्या नाहीतर नका घेऊ, पण घेणार असाल तर पुस्तकं मोजल्याशिवाय चार्ज घेऊ नका. बाकी सगळं नंतर शिकता येतं, हे नंतर दुरुस्त होत नाही.
दाखलनोंद रजिस्टर म्हणून एक जाडजूड वही असते, तीच ग्रंथालयाचा सातबारा समजा. आलेल्या प्रत्येक प्रतीला एक दाखल अंक, एकाच कादंबरीच्या दोन प्रती असल्या तरी अंक दोन. तो अंक पुस्तकात आतल्या पानावर शिक्क्यासोबत असतो, आणि आणखी एका ठरलेल्या गुप्त पानावर पण, आमच्याकडे ३१ वं पान होतं. पहिलं पान फाडून पुस्तक लंपास करणाऱ्याला ते माहीत नसतं.
आता तुमचे काका वारले, म्हणजे चार्ज कुणी कुणाला दिलाच नाही, आणि मधलं वर्ष किल्ली हातोहात फिरली. तुम्ही "चार्ज मिळाला" असं लिहून दिलंत की रजिस्टरवरची सगळी पुस्तकं तुमच्या ताब्यात आहेत असं झालं, मग कपाटात असोत नसोत. २०१२ ला महसूल खात्याकडून राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हाचं आठवतं, मे महिना, पंखा बंद, आणि आमच्याकडे आलेला माणूस घाम पुसत विचारतोय, ४०६ दाखवा, ४०७ दाखवा. ४०६ होतं. ४०७ आमच्या एका माजी सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं पण कागदावर जबाबदार मी. शिपायाला सायकलवर पिटाळला तेव्हा आलं.
मोजायला दोघं लागतात. एकानं पुस्तक उघडून अंक वाचायचा, दुसऱ्यानं रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं टिक करायची, पेननं नको, रजिस्टर शासकीय तपासणीला दाखवावं लागतं. टिक न झालेल्यांची यादी काढा, त्यातली देवघेव रजिस्टरला कुणाच्या नावावर आहेत ती वेगळी करा, उरलेली ती हरवलेली. त्या यादीवर सेक्रेटरींची सही घ्या आणि मंडळाच्या बैठकीत ठराव करून घ्या की चार्ज देतेवेळी एवढी पुस्तकं नव्हती. एक झेरॉक्स घरी, तुमच्या फॉलच्या गठ्ठ्यात ठेवा, तिथं कुणी हात घालणार नाही.

भिजका_पावसाळा
दाखलअंक काकांना दंडवत, मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या पहिल्या वर्षी १४ पुस्तकं माझ्या पैशातून भरलीत.
मी रत्नागिरी जिल्ह्यात क वर्गात आहे, सहावं वर्ष, सकाळी झेरॉक्सचं दुकान आणि संध्याकाळी वाचनालय. दुकान आहे म्हणून वाचनालय परवडतं हे खरंय, नुसत्या ह्याच्यावर राहू नका. कोर्सचं म्हणाल तर ग्रंथालय प्रमाणपत्र म्हणून सहा महिन्यांचा असतो, जिल्हा ग्रंथालय संघ चालवतो, दहावी पास चालतं, तुमचं बी.ए. आहे म्हणजे पुढे मुक्त विद्यापीठातून बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, पण करता येईल आणि मग शाळा-कॉलेजच्या जागांना अर्ज करता येतो. मी २ हजाराकडे तसं बघते, शिकाऊ लायसन्स.
"बाकी काय असतंय त्यात" वर मात्र हसले. ओल आलेलं कपाट पहिल्या दिवशीच भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकं पावासारखी फुगतात, आणि कसर लागली की खळीवर ताव मारते, बांधणी आधी जाते. दिवाळी अंक आले की तीन दिवसांच्या वर कुणालाही देऊ नका, सरपंच असले तरी. पेपरातलं शब्दकोडं कुणीतरी कापून नेतं, कोण ते चार आजोबांपैकीच असणार, मी आता सकाळीच त्याची एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवते, भांडण मिटलं.
कोर्सला ड्युईचे आकडे, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचे नंबर, शिकवतात, ८९१.४६३ म्हणजे मराठी कादंबरी वगैरे. शिका, पण आमच्याकडे एक काकू आहेत, गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत, नातवाबरोबर पिशवी पाठवतात आणि निरोप असतो, "दोन दे, एक रडायचं, एक हसायचं." आता ह्याला कुठला नंबर लावू. गेल्या महिन्यात दोन्ही हसायची पाठवली तर दुसऱ्या दिवशी पिशवी परत, आत चिठ्ठी, "रडायचं राहिलं."
आणि हो, एमपीएससीवाली पोरं येतील. त्यांना पुस्तक नको असतं, टेबल आणि लाईट हवी असते. घरात एक खोली, टीव्ही चालू, जाणार कुठे? ८ ला कुलूप लावायला उठलं की "मॅडम फक्त १० मिनटं". त्या १० मिनटांचे पैसे मास्तरांच्या गणितात नाहीत.

गणितमास्तर
नाहीत म्हणूनच म्हणतो नका घेऊ. तीन तासाचा पगार आणि गाव पूर्णवेळ. बाजारात भाजी घेताना पण लोक विचारतील ते पुस्तक आलं का.

शिवणयंत्र
सगळ्यांचे आभार, अपडेट देते. अध्यक्षांना म्हटलं आधी मोजून घेते मग सही. ते म्हणाले पुस्तकं काय मोजायची, ती काय पळून जात्यात का. पण मामंजी माझ्यासोबत होते म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नाही. रविवारी मी आणि माझा मुलगा बसलो, तो अंक वाचायचा आणि मी पेन्सिलीनं टिक. रजिस्टरला शेवटचा अंक २११८ आहे. कपाटात मिळाली १६४२. देवघेव रजिस्टरला बाहेर ६३, त्यातली काही आठ वर्षांपूर्वीची, एक तर माझ्याच सासूबाईंच्या नावावर! पाककृतीचं पुस्तक, पत्र्याच्या डब्यात सापडलं, हळदीचे डाग पडलेत पण पानं सगळी आहेत. परत केलं, म्हणजे ६२.
उरलेल्या ४१३ ची यादी केलीय. मी चार्ज घ्यायचं ठरवलंय, एक वर्षासाठी, कोर्सचा फॉर्म पण भरणार. दुपारचं शिवण चालूच राहील, मास्तर, काळजी नको. गुरुवारी बैठक आहे, ठराव होतो का बघू. एकच शंका, यादीवर सेक्रेटरींच्या सहीखाली शिक्का लागतो का? कारण शिक्का वाचनालयात कुठेच नाही.

दाखलअंक
लागतो. शिक्क्याशिवाय नवीन पुस्तक पण दाखल करता येणार नाही तुम्हाला. अध्यक्षांच्या घरी बघा.

शिवणयंत्र
तिथंच होता काका. त्यांच्या नातवंडांनी वहीभर उठवलाय.